पाठवायचं, पण कुणाकडे? राष्ट्रीयत्वच ठरत नसेल तर माणसाला देशाबाहेर काढतात कसं

जून २०२५ मधली गोष्ट. मूळचा मुर्शिदाबादचा आणि मिरा रोडला गवंडीकाम करणारा एक माणूस बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी उचलला. गावाकडून घरच्यांनी आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, पंचायतीने दिलेली वंशावळ असे हाताला लागतील ते कागद पाठवले. आधार-पॅन खोटंही बनवता येतं, जन्माचा दाखला दाखवा, अशी पोलिसांची भूमिका होती. काही दिवसांत त्याला उत्तर बंगालमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिलं गेलं आणि तिथून सीमेपलीकडे घालवलं. मग पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केली, दोन्हीकडच्या सीमारक्षकांची बैठक झाली आणि तो परत आला. महाराष्ट्रातून असेच पाठवलेले बंगालचे आणखी काही मजूरही त्याच सुमारास परतले.

ही बातमी निघाली की लोक दोन प्रश्न विचारतात. एक : माणूस भारतीय होता, तर देशाबाहेर गेलाच कसा? दुसरा, थोड्या चिडून : जे खरोखरच बांगलादेशी आहेत, त्यांना परत पाठवायला वर्षानुवर्षं का लागतात? हे प्रश्न विचारणारी माणसं वेगळी असतात, बऱ्याचदा एकमेकांवर रागावलेलीही असतात. पण दोघांचं उत्तर एकाच जागी सापडतं.

तडीपारी वेगळी, परत पाठवणी वेगळी

आपल्याकडे ‘हद्दपार’ म्हटलं की गुंडाला जिल्ह्यातून काढल्याची बातमी डोळ्यांपुढे येते. पोलीस आदेश काढतात, त्या माणसाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडतात, काम संपतं. शेजारच्या जिल्ह्याला कुणी विचारत नाही.

देशातून परत पाठवणं, म्हणजे डिपोर्टेशन, असं एकट्याने उरकता येत नाही. ते रजिस्टर पत्रासारखं आहे. तुम्ही पोस्टात पैसे भरले, पावती घेतली, तरी पलीकडच्याने सही करून ते घेतलं पाहिजे. त्याने ‘घेण्यास नकार’ दिला की पत्र फिरून तुमच्याच दारात येतं. माणसाच्या बाबतीत ही सही म्हणजे समोरच्या देशाने ‘हा आमचा नागरिक आहे’ असं मान्य करून दिलेला पासपोर्ट किंवा एकवेळचा प्रवास परवाना.

आपल्या नागरिकाला परत घेणं हे त्या देशाचं कर्तव्य आहे, याबद्दल जगात फारसा वाद नाही. दुसऱ्याच्या नागरिकाला घेण्याची सक्ती मात्र कुणावरच नाही. त्यामुळे सगळं गाडं एका प्रश्नावर येऊन थांबतं : हा कुणाचा?

‘हो, आमचाच’ असं कोण आणि कसं म्हणतं

एखाद्यावर संशय आला की त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा ही माहिती परराष्ट्र मंत्रालयामार्फत बांगलादेशच्या उच्चायुक्तालयाकडे जाते. तिथून ढाका, ढाक्याहून त्या जिल्ह्याचे पोलीस आणि मग गावात चौकशी : या नावाचा माणूस इथे राहत होता का, त्याचे भाऊबंद आहेत का? उत्तर ‘हो’ आलं तर प्रवास परवाना निघतो आणि सीमेवर भारताचं सीमा सुरक्षा दल त्याला तिकडच्या सीमारक्षकांकडे रीतसर सोपवतं.

हे वर्णन मी चार ओळींत केलं. प्रत्यक्षात मे २०२५ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितलं की २,३६० हून अधिक जणांची पडताळणी बांगलादेशकडे पडून आहे आणि त्यातली कित्येक प्रकरणं २०२० पासूनची आहेत. त्याच महिन्यात गृहमंत्रालयाने राज्यांना संशयितांच्या कागदपत्रांची शहानिशा ३० दिवसांत करायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. एका बाजूला पाच वर्षं न आलेलं उत्तर, दुसऱ्या बाजूला तीस दिवसांची मुदत. मिरा रोडच्या गवंड्यासारखी माणसं या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत पडतात.

बोलण्यावरून कळत नाही का?

हा प्रश्न मला अगदी सुशिक्षित लोकांनीही विचारला आहे. उत्तर : नाही कळत. निपाणी-बेळगावकडचा माणूस मराठी बोलला तर तो महाराष्ट्रातला की कर्नाटकातला, हे त्याच्या बोलण्यावरून ओळखून दाखवा. मालदा, मुर्शिदाबाद, नदिया या जिल्ह्यांतली बोली आणि सीमेपलीकडच्या राजशाही-कुष्टियाची बोली यांच्यात १९४७ पर्यंत सीमाच नव्हती. फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफची रेघ शेतांवरून आणि नद्यांवरून गेली, माणसांच्या जिभेवरून गेली नाही. आडनावं तीच, जेवण तेच, लुंगी तीच.

कूचबिहारच्या आसपास तर ही रेघ इतकी वेडीवाकडी होती की एका देशात दुसऱ्या देशाची बेटं तयार झाली होती. भारताच्या पोटात बांगलादेशची ५१ आणि बांगलादेशच्या पोटात भारताची १११. तिथल्या माणसांना ना धड शाळा, ना दवाखाना, ना मतदान. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री या १६२ बेटांची अदलाबदल झाली आणि रहिवाशांना कोणता देश हवा ते निवडता आलं. राष्ट्रीयत्व रक्तात असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही रात्र आठवावी. दोन सरकारांनी कागदावर सह्या केल्या आणि घर न हलवता माणसाचा देश बदलला.

आधार कार्ड आहे, मग अडचण काय?

अडचण ही की आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारचा कायदाच सांगतो. भारतात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर हेच सांगितलं : आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कुणी आपोआप नागरिक होत नाही. म्हणजे पोलिसांचा आक्षेप कायद्याला धरूनच होता. पण मग पुढचा प्रश्न येतो : पुरावा आहे तरी कशात?

इथे कायदा थोडा बारकाईने पाहावा लागतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईवडील कुणीही असोत. १ जुलै १९८७ ला किंवा त्यानंतर जन्मला असेल तर आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी आणखी एक अट आली : दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा.

म्हणजे आज पस्तिशीतल्या माणसाला स्वतःच्या जन्माचा दाखला पुरत नाही. आईबापाचं नागरिकत्व दाखवावं लागतं, आणि त्यांच्याशी आपलं नातंही. शेतकऱ्याच्या घरात हे लगेच समजेल. जमिनीला वारस लागायचा तर आधी आजोबांचं नाव सातबाऱ्यावर हवं, मग वडिलांचं, मग तुमचं. मधली एक वारसनोंद राहिली, किंवा फेरफारात ‘गणपत’चा ‘गणपती’ झाला, की तीन पिढ्यांची वहिवाट असूनही तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. फरक एवढाच, की सातबारा चुकला तर जमीन अडते. इथे माणूस अडतो.

आणि सातबाऱ्यासारखा नागरिकत्वाचा एकच ठरलेला उतारा सर्वसामान्य भारतीयाकडे नाहीच. मतदार याद्या, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, वंशावळ असं तुकड्या-तुकड्यांनी चित्र जुळवावं लागतं.

सिद्ध कुणी करायचं?

चोरीचा खटला असेल तर गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो. परकीय नागरिकांच्या कायद्यात उलटं आहे. १९४६ च्या कायद्यापासून ‘मी परका नाही’ हे त्या माणसानेच दाखवायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायद्यानेही ही बाजू तशीच ठेवली. त्यामागे तर्क आहे : जन्म कुठे झाला, आईबाप कोण, हे त्या माणसालाच ठाऊक असणार, सरकारला कसं कळेल? पासपोर्टवर आलेल्या पर्यटकाच्या बाबतीत हा तर्क बरोबर बसतो. घरी, सुईणीच्या हातून जन्मलेल्या आणि शाळेत न गेलेल्या बाईच्या बाबतीत तो तोडका पडतो.

याचा सगळ्यात मोठा अनुभव आसामचा. तिथे १९८५ च्या आसाम करारानुसार २५ मार्च १९७१ ही तारीख ठरली, त्या दिवसापासून पुढे आलेला तो परका, आणि संशयितांची प्रकरणं फॉरेनर्स ट्रिब्युनल नावाच्या न्यायाधिकरणांपुढे जातात. ३१ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली तेव्हा १९,०६,६५७ जण बाहेर राहिले. यादीबाहेर राहणं म्हणजे परका ठरणं नव्हे, पण टांगती तलवार आलीच.

नलबारी जिल्ह्यातल्या एका माणसाचं प्रकरण सांगतो. तो हजर राहिला नाही म्हणून २०१२ मध्ये न्यायाधिकरणाने त्याला एकतर्फी परका ठरवलं. कागदांत स्पेलिंग आणि तारखांच्या लहानसहान विसंगती होत्या, त्या त्याच्या विरोधात गेल्या. ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारतीय ठरवलं आणि दोन गोष्टी स्पष्ट केल्या. सिद्ध करण्याचा भार माणसावर असला, तरी नुसत्या ऐकीव संशयावर नोटीस काढता येत नाही. आधी प्रशासनाच्या हाती काहीतरी ठोस हवं. आणि अशा किरकोळ फरकांवरून नागरिकत्व हिरावता येत नाही. निकाल आला तेव्हा तो माणूस जिवंत नव्हता.

समोरचा देश ‘नाही’ म्हणाला, तर?

समजा सगळी चौकशी झाली, माणूस भारतीय नाही असं ठरलं, आणि बांगलादेश म्हणाला ‘आमचाही नाही’. भारतातल्या न्यायाधिकरणाने ‘हा परका’ म्हटल्याने तो आपोआप बांगलादेशचा होत नाही. हा मुद्दा चर्चेत सतत निसटतो, म्हणून थोडा थांबून सांगतो. ‘आमचा नाही’ हे एक देश ठरवू शकतो. ‘तुमचा आहे’ हे तो ठरवू शकत नाही. कुठलाच देश ज्याला कायद्याने आपला मानत नाही, अशा माणसाला राज्यविहीन म्हणतात. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना याच अवस्थेत ढकललं.

अशा माणसाचं करायचं काय? अनेक देश त्याला कोंडून ठेवतात. आसाममध्ये गोलपाडा जिल्ह्यात मातिया इथे तीन हजार माणसांची सोय असलेलं केंद्र यासाठीच उभं आहे. पण शिक्षा झालेल्या कैद्यालाही सुटकेची तारीख असते. इथे गुन्ह्याची शिक्षा म्हणून कोंडलेलं नसतं, पाठवणी होईपर्यंत ठेवलेलं असतं. पाठवणीच होणार नसेल तर कधीपर्यंत?

अमेरिकेत हा प्रश्न झॅडव्हायडस नावाच्या माणसामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा जन्म १९४८ मध्ये जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत झालेला, आईवडील बहुधा लिथुआनियाचे. गुन्ह्यांमुळे अमेरिकेने त्याला काढायचं ठरवलं. जर्मनी म्हणालं आमचा नाही. लिथुआनिया म्हणालं आमचा नाही. बायको डॉमिनिकन रिपब्लिकची म्हणून तिकडेही विचारून झालं. २००१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नजीकच्या काळात पाठवणीची शक्यता दिसत नसेल तर बेमुदत कोंडता येणार नाही, आणि साधारण सहा महिने ही वाजवी मुदत धरली. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये नेमका उलट निकाल दिला होता, अशा माणसाला कितीही काळ ठेवता येतं म्हणून. तो बदलायला २०२३ उजाडलं. जवळपास वीस वर्षांत किती जणांची उमेद त्या कुंपणाआड गेली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये आसामपुरतं म्हटलं की तीन वर्षं झालेल्यांना जामीनदार घेऊन सोडा. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, ही मुदत दोन वर्षांवर आणि जामिनाची रक्कम एक लाखावरून पाच हजारांवर आली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मातियातल्या ६३ जणांचा विषय न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठापुढे आला. त्यांचे परदेशातले पत्ते माहीत नाहीत म्हणून पाठवता येत नाही, असं आसाम सरकारने सांगितलं होतं. कसल्या मुहूर्ताची वाट पाहताय, असं न्यायालयाने सुनावलं. पत्ता नसेल तर त्या देशाच्या राजधानीत पाठवा, पण माणसांना असं अनिश्चित काळ ठेवू नका. हा संताप दोन्ही बाजूंच्या वाचकांना पटण्यासारखा आहे. तरी अडचण उरतेच. राजधानीच्या विमानतळावरही प्रवास परवाना दाखवावा लागतो आणि तो ‘आमचाच’ म्हटल्याशिवाय मिळत नाही.

मग सरळ सीमेपलीकडे सोडून का देत नाहीत?

सोडतात. त्याला पुश-बॅक म्हणतात. समोरच्या देशाची संमती नाही, कागद नाही, रात्री किंवा पहाटे सीमेवर नेऊन पलीकडे जायला सांगायचं. पत्राच्या उपमेत, सही न घेता पाकीट दाराखालून सरकवून पळणं.

तातडीने कारवाई हवी असणाऱ्यांना हे आकर्षक वाटतं, पण यात चूक झाली तर ती पकडायला मध्ये कुणीच उरत नाही. दिल्लीत राहणाऱ्या, मूळच्या बीरभूमच्या एका गरोदर बाईचं प्रकरण पाहा. जून २०२५ मध्ये तिला कुटुंबासह पलीकडे पाठवलं. तिकडे बेकायदा घुसल्याबद्दल बांगलादेशने अटक केली. इकडे कागदपत्रांत लिहिलं होतं की ती १९९८ मध्ये बेकायदा भारतात आली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की तिच्या ओळखपत्रांनुसार तिचा जन्मच २००० च्या सुमाराचा आहे. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये हकालपट्टी रद्द केली. पुढे बांगलादेशातल्या न्यायालयानेही आधार क्रमांक आणि पत्ते पाहून हे लोक भारतीय आहेत असंच म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये ती आठ वर्षांच्या मुलासह परत आली, तेव्हा बाळंतपण तोंडावर आलं होतं. वय आणि सन यांची वजाबाकी कुणी आधी केली असती तर हे सहा महिने टळले असते.

म्हणजे घुसखोरी चालू द्यायची का?

नाही. बेकायदा येणारे लोक आहेत, त्यांना आणणारे दलाल आहेत, खोटे दाखले विकणारे आहेत. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे ठरवण्याचा सरकारला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ पासून मान्य केलं आहे. पण राज्यघटनेचा अनुच्छेद २१ ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणतो. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही स्वातंत्र्य हिरावता येत नाही, परक्याचंही नाही.

आणि व्यवहारही हेच सांगतो. पक्की चौकशी करून, समोरच्या देशाकडून नाव मान्य करून घेऊन पाठवलेला माणूस परत येत नाही, तिकडचा देश तक्रार करत नाही. घाईने ढकललेला माणूस भारतीय निघाला तर न्यायालय, परराष्ट्र मंत्रालय, सीमा दल सगळे त्याला परत आणण्यात गुंततात. दोन देशांनी बसून तोडगा काढल्याची उदाहरणंही आहेत. श्रीलंकेच्या मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांना दोन्ही देश आपले म्हणेनात, तेव्हा १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी ९,७५,००० माणसांची वाटणी केली. ५,२५,००० भारताने घ्यायचे, ३,००,००० श्रीलंकेने, उरलेल्या दीड लाखांचं पुढे पाहायचं. माणसांची अशी आकड्यांत वाटणी वाचताना पोटात कालवतं, पण ‘कुणाचेच नाहीत’ यापेक्षा ते बरं होतं.

आपल्याला याचं काय?

आपल्यापैकी बहुतेकांना कुणी विचारणार नाही. विचारतील ते कागद नसलेल्यांना. महाराष्ट्रात असे लोक शोधायला सीमेवर जावं लागत नाही. पालावर राहणाऱ्या पारध्यांना, गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातींना ‘गाव कोणतं’ या साध्या प्रश्नाचं कागदावर उत्तर देता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बाईचं मूल कोल्हापूरच्या फडावर जन्मलं तर नोंद जन्माच्या जागी, म्हणजे कोल्हापूरकडे व्हायला हवी. २१ दिवसांत ती फुकट होते. टोळी पुढच्या फडावर गेली, वर्ष उलटलं, की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. मालेगावमधल्या उशिरा दिलेल्या दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये राज्याने या नोंदींची तपासणी आणखी कडक केली. खोटे दाखले रोखायला ते हवंही होतं. पण त्याच कडक झालेल्या खिडकीपुढे फडावर जन्मलेलं ते मूलही अठरा वर्षांनी उभं राहणार आहे, आणि तेव्हा त्याला नुसता स्वतःचा दाखला पुरणार नाही. आईचा किंवा बापाचाही मागितला जाईल, आणि आईचा जन्मही अशाच एखाद्या फडावर झालेला असेल.